सेंट्रिंगच्या प्लायचं दोन बॉक्स

आमच्या कोडोलीत ट्रॅक्टरला ब्रेक नसला तर चालतंय, साउंड मात्र पायजे. ब्रेक न्हाय म्हटलं की ड्रायव्हर म्हणतोय, "उताराला गिअरवर धरतो की." साउंड न्हाय म्हटलं की त्योच ड्रायव्हर मान खाली घालून बसतोय, जणू घरात कुणाचं बरंवाईट झालंय. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, म्होरं कारखान्याचा रस्ता, आन् वाटेतल्या सगळ्या गावांना कळलं पायजे कोण चाललंय ते. ऊस मुका, म्हणून ड्रायव्हरनं बोंबलायचं.

कृष्णातदाचा ट्रॅक्टर ह्या सीझनला असाच मान खाली घालून उभा हुता. त्याच्याकडं बारा इंची दोन स्पीकर हुतं, एका मंडळाचं जुनं साउंड मोडीत निघालं तवा उचललेलं. आवाज मोठा करायचा, बॅटरीवर चालणारा अँप हुता. बॉक्स तेवढं न्हवतं. आन् स्पीकरला बॉक्स नसला की त्यो नुसता किरकिरतोय, गळा हाय पण छाती न्हाय असं. सुतार म्हणाला, दिवाळीनंतर बघू. कुठल्या दिवाळीनंतर ते म्हणाला न्हाय. दिवाळी होऊन गेलती, पयली खेप तोंडावर आलती.

तवा कृष्णातदा माझ्याकडं आला.

मी नौमान. निसार गादीवाल्याचा थोरला. आम्ही पिंजारी, गावातलं निम्मं लोक आमच्या गादीवर झोपतंय आन् उठल्यावर पाठ दुखती म्हणून आम्हालाच शिव्या देतंय. दहावीत मी शाळा सोडली. शाळा म्हणती, तिनं मला सोडलं. दोघांचाबी मान राहिला. तवापासनं मी मिक्सर, पंखं, मोबाईल, जे बंद पडंल ते उघडतो. निम्मं परत चालू होतंय. राहिलेल्या निम्म्याचं मालक मला दिसलं की मी दुसऱ्या गल्लीनं जातो.

अब्बांचं म्हणणं एकच. इचलकरंजीत आरिफमामूचं लूम हायत, थितं घालायचं मला. "हात चालू राहतील आन् तोंड बंद पडंल," असं म्हणत्यात. लूमच्या खटखटीत कोण बोलणार, म्हणून.

कृष्णातदा बॉक्सचं इचारायला आला, ते नेमकं चौकात, चहाच्या गाड्यावर. आन् थितं नेमका धैर्यशील सरकार बसलेला. गावातलं मोठं साउंड त्याचं. त्याच्या साउंडच्या गाडीवर त्याचा स्वतःचा फोटो हाय, स्पीकरपेक्षा मोठा.

"कोण बनवतंय बॉक्स?" सरकारनं इचारलं.

"नौमान," कृष्णातदा म्हणाला.

"गादीवाल्याचा?" सरकार हसला. "मंग आवाज चांगला झोपंल लगा. उशीबी घे एक वर."

सगळा गाडा हसला. चहावाला तर उधारीवाल्यांपेक्षा मोठ्यानं हसला.

मला राग आला की आधी तोंड उघडतंय आन् मंग डोकं. म्हटलं, "ओ सरकार, तुमच्या साउंडला दोन जनरेटर आन् चार हमाल लागत्यात. पयल्या खेपंला ह्याच चौकात कृष्णातदाचा ट्रॅक्टर वाजल. हा चौक नाचला न्हाय, तर मी आपल्या पायानं लूमवर जातो. बोलवायला कुणी नगं."

"नाचला पायजे हं. नुसतं बरंय म्हणून चालायचं न्हाय."

"नाचला पायजे!"

आन् वळून बघतोय तर मागं अब्बा. सायकलवर पुढं-मागं कापसाचं गाठोडं, एक पाय जमिनीवर. अब्बा चिडलं की घरातल्या भाषेत, दखनीत बोलत्यात. चौकात मराठीत बोललं, म्हंजे खुशीत हुतं.

"ठरलं की मंग," म्हणालं. "धैर्यशील, तू साक्षीला." आन् पायडल मारलं. आयुष्यात पयल्यांदा माझ्या एखाद्या कामात अब्बांनी इतका रस घेतला.

आता बॉक्स करायचा म्हंजे काय काय लागतंय? प्लाय लागतंय, कटर लागतंय, ड्रिल लागतंय, मोबाईलवर बघितलं तर त्या व्हिडिओतल्या माणसाकडं एक आख्खी खोली भरून मशिनी हुत्या आन् त्यो म्हणत हुता, "घरच्या घरी सहज बनवा." घर बघा त्याचं. माझ्याकडं करवत हुती, तिचं दात आमच्या आजोबांएवढंच राहिलेलं. हातोडा हुता, कानस हुती. लोखंड कापायचं ब्लेड हुतं, त्याची मूठ हरवलेली, म्हणून एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. आन् अब्बांची दाभणं, म्हंजे गादी शिवायच्या वीतभर सुया. बास.

प्लाय कृष्णातदानं दाखवलं. त्याच्या घराचा स्लॅब उन्हाळ्यात झाला, त्याच्या सेंट्रिंगचं प्लाय मागं गोठ्यात म्हशीला आडोसा म्हणून लावलेलं.

"फुकट हाय," कृष्णातदा म्हणाला. "जाड हाय. आन् स्लॅब पेललाय त्येनं, तुझा आवाज पेलणार न्हाय व्हय?"

बोलणं बिनतोड हुतं. म्हशीचा आडोसा काढला. ती माझ्याकडं अशी बघत राहिली की अजून तिच्या गल्लीनं जायला नगं वाटतंय.

पयल्या दिवशीच मी माझी हुशारी दाखवली. बारा इंची स्पीकर, म्हणून बारा इंचाचं भोक. खिळा रवला, सुतळी बांधली, पेन्सिल फिरवली, झक्क गोल. तापवलेल्या सळईनं रेघेवर भोकाला भोक लावून पाडली, मंग चिंधीवालं ब्लेड घालून एकेक जोडत गेलो. बोटाला फोड आला. गोल निघाला. स्पीकर बसवायला गेलो, तर त्यो सरळ भोकातनं खाली. धप्प.

आफशीन, माझी धाकटी बहीण, उंबऱ्यावर अभ्यास करत हुती. म्हंजे वही मांडीवर आन् डोळं माझ्यावर.

"त्याच्या कडेनं स्क्रू मारायची पट्टी असती ना रे," ती म्हणाली. "तिला टेकायला लाकूड नगं व्हय?"

"तुझा भूगोल बघ."

"बघते की. विहीर खोदलीस तू, तेच बघते."

दुसरी फळी कापली. ह्या वेळी भोक लहान. सगळ्या बाजूंना फेविकॉल लावला, वर दगड ठेवलं, जातं ठेवलं, एका बॉक्सवर अम्मीनं हंडाबी ठेवू दिला. सकाळी उठून जातं उचललं, तर जात्याबरोबर झाकणबी आलं.

अर्धा दिवस मी फेविकॉलला शिव्या दिल्या. मंग बोटाला काळं लागलं ते हुंगलं आन् डोक्यात उजेड पडला. काँक्रीट चिकटू नये म्हणून सेंट्रिंगवालं प्लायला जळकं ऑइल चोपडत्यात. ज्याला आख्खा स्लॅब चिकटला न्हाय त्याला माझा फेविकॉल चिकटंल, हे डोकं माझंच, कुणाचं उसनं न्हाय. पण आता दुसरं प्लाय आणायचं कुठनं? मारलं खिळं. जिथं जागा मिळंल तिथं मारलं. खिळ्यांनी बॉक्स असा दिसाय लागला, जणू त्याला गोवर आलाय.

संध्याकाळच्या आधी अंगणात जोडून लावलं, कृष्णातदाबी ऐकायला येऊन बसलता. हळू आवाजात बरं वाजलं. आवाज वाढवला, आन् बेसचा ठोका पडला की बॉक्स बोलायचा, "टर्रर्र." परत ठोका, परत "टर्रर्र." जणू म्हातारा केरबा जेवण करून पारावर बसलाय. त्याला गावात कोण जवळ बसू देत न्हाय ते उगंच न्हाय.

मी कपाळाला हात लावला. कृष्णातदा मात्र उठून नाचाय लागला.

"भारी लगा! छातीत घुसतंय! फुल्ल दणका!"

"दणका न्हाय ओ, हवा फुटतीया. आतनं जाग्याजाग्यावरनं गळतोय त्यो."

"गळू दे की. भारी वाजतंय."

"तुमच्या ट्रॅक्टरच्या टायरातनं हवा गेली तर भारी म्हणशीला?"

कृष्णातदानं पाय थांबवलं. तोंड असं केलं, की तुझं ते शिकल्यासारखं बोलणं तुझ्यापाशी ठेव. आता मला शिकलेला म्हणणारा गावात त्यो एकटाच.

गळतंय कुठं, ते सापडंना. फट दिसत न्हवती. आफशीननं अब्बांच्या ढिगातला कापसाचा बारका पुंजका घेतला आन् गाणं चालू असतानाच बॉक्सच्या कडेनं फिरवत गेली. एका कोपऱ्यावर आली आन् पुंजका उडाला. फुर्र. तिथं खडूनं खूण. परत, फुर्र. थोड्या वेळानं बॉक्सवर खुणाच खुणा. त्यापेक्षा कुठं गळत न्हाय ते लिवलं असतं तर खडू वाचला असता.

मंग मी काय केलं ते कुठल्या व्हिडिओत न्हाय. कारण व्हिडिओवाल्याचा बाप पिंजारी न्हाय. कानशीनं कडंकडंचं ऑइल खरवडून काढलं, हाताची सालटी निघाली. कापसाच्या वाती वळल्या, फेविकॉलात भिजवल्या आन् दाभणाच्या टोकानं एकेक फटीत ठासल्या. गादीच्या काठाला कापूस ठासतात ना, तसंच. सगळ्यात वाईट कोपरा मागचा, त्यात बोटभर जाडीची वात गेली. आतल्या बाजूनं भिंतींना पिंजलेला कापूस लावला. वरनं गादीचं जाड पट्ट्यापट्ट्याचं कापड ताणून गुंडाळलं आन् मेणाच्या दोऱ्यानं टाका घातला. ज्या कामाला मी लहानपणापासनं नगं नगं म्हणत पळालो, ते हातांना सगळं पाठ हुतं. मला इचारलंसुद्धा न्हाय त्यांनी.

वाळू दिलं. मंग लावलं.

काय सांगू. बेसचा ठोका असा आला, गोल. पोटात आला आन् थितंच थांबला, इकडं तिकडं सांडला न्हाय. त्याच्यावर ढोलकीची थाप वेगळी, गाणारीचा श्वास वेगळा. आवाज वाढवला, तरी भांडी हलंनात. मी गाणं बंद केलं आन् परत पयल्यापासनं लावलं.

आत कापूस पिंजणारा अब्बांचा हात थांबला हुता. ते पुढं आलं, बॉक्सावर हात फिरवला, टाका बघितला.

"टाका लांब पडलाय," म्हणालं, आन् आत गेलं. पण जाताना दार ढकललं न्हाय. रोज मी गाणं लावलं की पयलं दार लावत्यात.

पयल्या खेपंचा दिवस. ट्रॅक्टर धुतलेला, म्होरं केळीचं खुंट, बोनेटवर झेंडूच्या माळा, ट्रॉल्या उसानं टचाटच. कृष्णातदाच्या आईनं, शालूबाईनं, चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. चौकात जत्रा. पोरं, म्हातारी, कॉलेजला जायचं सोडून थांबलेली, आन् सगळ्यांच्या म्होरं धैर्यशील सरकार, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हाताची घडी. थोडं मागं अब्बा सायकलवर. एक पाय जमिनीवर.

माझं बॉक्स सीटच्या मागं, दोन बाजूंना दोन. पट्ट्यापट्ट्याचं.

"कृष्णात, ट्रॅक्टरवर झोपतोस काय आता?" कुणीतरी ओरडलं.

मी वर चढून अँप चालू केला. वाजलं. अंगणात वाजलं तसंच, त्यापेक्षाबी बरं. लांब पारावर बसलेल्या म्हातारीनं मान डोलावलेली मला वरनं दिसली. मी चौकाकडं बघितलं.

चौक उभा हुता. नुसता उभा. कोण पाय हलवंना. एक पोरगं नाकात बोट घालत हुतं, तेवढीच हालचाल.

"वाढव की," कृष्णातदा खालनं म्हणाला.

"फुल हाय."

"फुल हाय?" त्याचं तोंड उतरलं. "मंग वाजंना का?"

"वाजतंय की ओ! कान हायत न्हवं?"

"परवा वाजत हुतं तसं न्हाय लगा. छातीत काय येईना."

सरकारनं हाताची घडी सोडली. "पावणं," मला म्हणाला, गावातल्याच पोराला पावणं, "बातम्या लागल्यासारखं वाटतंय. उसाचा भाव सांगत्यात काय?"

हशा. परत त्यो चहावाला सगळ्यात मोठ्यानं.

"सरकार, तुम्हाला गाण्यातला शब्द कळतोय, म्हणून बातम्या वाटत्यात. तुमच्या साउंडवर कवा कळलाय व्हय?"

"शब्द ऐकायला घरी रेडिओ हाय की. हितं नाचायचंय. नाचतंय काय कोण?" त्येनं मागं वळून मोठ्यानं इचारलं. "ओ निसारभाई, पोराची पिशवी भरा!"

अब्बा काय बोललं न्हाईत. मला वाटलं, बोलतील. काल दार ढकललं न्हवतं की त्यांनी. म्हणतील, आवाज चांगला हाय रे, ऐका नीट. पण ते हँडल धरून खाली बघत राहिलं. शालूबाई बिचारी टाळ्या वाजवाय लागली, एकटीच, आन् त्यानं अजून वाईट दिसाय लागलं.

मला लूम दिसला. मामूच्या शेडातला पिवळा बल्ब दिसला. आन् माझं टाळकं फिरलं.

"दणका पायजे? टर्र पायजे तुम्हाला? थांबा!"

हत्यारांच्या पिशवीतलं दाभण काढलं आन् मागनं टाका उसवला. कापड फाडलं. त्या मागच्या कोपऱ्यातली बोटभर वात, आतनं अजून ओलसरच, दाभणानं ओढून काढली आन् सरकारच्या पांढऱ्या शर्टावर फेकली. दुसऱ्या बॉक्सचीबी काढली. "घ्या! केरबाचं गाणं घ्या! ऐका आन् मरा!"

आन् ठोका पडला.

टर्रर्रर्र.

मला वाटलं, आता दगड येतील. पयल्यांदा कॉलेजचं एक पोरगं "आयला!" म्हणालं. मंग दुसरा ठोका पडला, टर्रर्रर्र, आन् त्या पोराचा हात वर गेला. शेजारच्याचा गेला. ट्रॉलीतल्या उसाची पानं थरथराय लागली, पत्र्याचं फलक वाजाय लागलं, चहाच्या गाड्यावरचं ग्लास नाचाय लागलं, आन् ग्लासांच्या मागं चौक. आख्खा. कुठनं तरी गुलाल आला. आमच्यात जोतिबाचा गुलाल घरोघरी शिल्लकच असतोय, निमित्त लागतंय नुसतं. कृष्णातदानं मला ट्रॅक्टरवरनं उचलून खांद्यावर घेतलं.

"मी सांगतच हुतो की न्हाय! हेच! हेच वाजत हुतं परवा!"

"खाली घ्या मला," मी ओरडलो. कुणाला ऐकू येणार? माझाच बॉक्स चालू हुता.

आन् सरकार? शर्टावर फेविकॉलचा डाग घेऊन मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत हुता. मला बघून त्येनं अंगठा दावला. मंग कानाशी येऊन, "ते मागं भोक ठेवलंस ना, डोकं हाय लगा तुला. किती मोठं ठेवायचं ते मला एकट्याला सांग."

मी जिंकलो हुतो. असं जिंकण्यापेक्षा शर्टावर फेकायला अजून दोन वाती असत्या तर बरं झालं असतं.

ट्रॅक्टर टर्र टर्र करत कारखान्याकडं गेला. मी अब्बांच्या सायकलीच्या बाजूनं चालत घराकडं निघालो. अंगभर गुलाल, हातात फाटकं कापड.

"कल का अच्छा था," अब्बा म्हणालं. दखनीत.

मी थांबलोच. "मंग चौकात का बोलला न्हाईसा?"

"मी चौकात गादी इकतो. सगळ्यांना मऊ पायजे, मी मऊ देतो. पाठ मोडती त्यांची. मी कवा बोललो?"

"म्हंजे तुम्हालाबी कळतंय ते?"

"तीस वर्षं झाली." ते सायकल ढकलत राहिलं. "शर्त तू जिंकलास. लूमचं आता म्हणणार न्हाय मी."

घरात पाय टाकतोय तर अम्मीचा फोन वाजत हुता. आरिफमामू. सरकारचा व्हिडिओ आमच्या आधी इचलकरंजीला पोचलेला. अम्मीनं फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं, मामू म्हणणार, आता कवा येतोस.

"नौमान, बेटा," मामू ओरडत हुतं, मागं लूमची खटखट. "लूमबिम राहू दे तुझं, हितं कुणाला काय ऐकू येत न्हाय. माझ्या टेम्पोला असलं दोन बॉक्स बसव. पण ते टर्र आलं पायजे बघ! त्याच्याशिवाय मजा न्हाय!"

आफशीन उंबऱ्यावरनं बघत हुती. अब्बा आत कापसाच्या ढिगापाशी बसलं हुतं आन् बघत न्हवतं, म्हंजे ऐकत हुतं.

मी खडू उचलला.

"मामू," मी इचारलं, "टर्र एका बाजूनं ठेवू का दोन्हीकडनं?"